टाके निघाले, पुढची तारीख कधी?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कर्करोग ओपीडीत सकाळी बाकावर तासभर बसलं, की एक संवाद हमखास कानावर पडतो. तोंडाला उपरणं लावून बसलेला चाळिशी-पन्नाशीचा माणूस, शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत फाइल सांभाळणारी बायको. बोलायचं काम तीच करते. शेजारचं कुणी विचारतं, "ऑपरेशन कधी झालं?" ती महिना सांगते. "मग लाईट घेतली का?" ती नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, "सांगितली होती, पण..."

त्या 'पण'च्या पुढे बरंच काही असतं. मंजुरी यायची होती. यंत्राला नंबर लागत नव्हता. जखम भरली नव्हती. उसाची लागण होती. पोरीचं लग्न काढलं होतं. गाठ तर काढली, मग आता आणखी कशाला, असंही घरात कुणी म्हणालं होतं. हे पत्र त्या 'पण'बद्दल आहे.

'लाईट' म्हणजे किरणोपचार. कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी करंट. तोंडाचा कर्करोग पुढच्या टप्प्यावर गेलेला असेल, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार ही दोन औषधं नसतात, एकाच औषधाचे दोन डोस असतात. पहिला घेतला आणि दुसरा दोन-तीन महिन्यांनी घेतला, तर पहिल्याचाही बराचसा गुण वाया जातो. डॉक्टरांना हे ठाऊक आहे. सरकारी कागदाला मात्र ते अजून ठाऊक झालेलं नाही, आणि कागदाची दुरुस्ती आपल्या हातात आहे.

आजाराचा पसारा आधी सांगायला हवा. ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या २०२० च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ७५ हजार माणसं या आजारानं गेली. प्रौढांच्या तंबाखू सेवनाची २०१६-१७ ची राष्ट्रीय पाहणी सांगते, की महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू तोंडात धरणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी मळलेला तंबाखू, मावा, खर्रा आणि बायकांची मिशरी यांची चलती कमी झालेली नाही. मिशरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही. दात घासतो, एवढंच तिचं म्हणणं असतं. त्यामुळे तोंडातला पांढरा चट्टा ती दाखवत नाही, आणि दाखवते तेव्हा गालाला भोक पडायची वेळ आलेली असते.

आपल्याकडे निम्म्याहून अधिक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला डॉक्टर अजूनही 'कमांडो' म्हणतात. जबड्याचा भाग, गालाचा किंवा जिभेचा भाग आणि मानेतल्या गाठी असं सगळं एकाच वेळी काढलं जातं. मग छातीवरचा स्नायू कातडीसकट वर फिरवून गालाची जागा भरतात. ही पद्धत स्टीफन एरियन यांनी १९७९ साली मांडली. जबड्याचं हाड गेलं असेल तर पायातलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून तिथे जोडतात; न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ते करून दाखवलं. आज पुण्यात ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येतो, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, जिंकलो.

इतकं सगळं कापल्यावरही किरणं कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. शेतकऱ्याला याचं उत्तर हरळीवरून लगेच पटतं. हरळी मुळासकट उपटली, डोळ्यांना रान स्वच्छ दिसलं, तरी मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तर पावसाळ्यात ती पुन्हा वर येते. पॅथॉलॉजिस्ट काढलेल्या गाठीचे काठ सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. काठ पाच मिलिमीटरपेक्षा जवळ असेल, मानेतल्या गाठींत कर्करोग उतरला असेल, किंवा त्या गाठीचं कवच फोडून पेशी बाहेर सांडल्या असतील, तर सुरीला न दिसलेलं काहीतरी मागे राहिलं असण्याची शक्यता मोठी असते. ते जाळायचं काम किरणांचं.

क्रमही उगाच ठरलेला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक मोठी तुलना झाली: काही रुग्णांना आधी किरणं देऊन मग शस्त्रक्रिया, काहींची आधी शस्त्रक्रिया आणि मग किरणं. मूळ जागी आणि मानेत आजार काबूत राहण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४८ टक्के निघालं, दुसऱ्यात ६५ टक्के. पुढे २००४ च्या मे महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात युरोपातला आणि अमेरिकेतला असे दोन अभ्यास शेजारी-शेजारी छापून आले. काठावर कर्करोग उरलेल्या किंवा गाठीचं कवच फुटलेल्या रुग्णांना किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध द्यावं, हे तेव्हापासून ठरून गेलं.

परळच्या टाटा रुग्णालयानं हे ज्ञान आपल्या माणसांवर पारखून घेतलं, ही महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ९०० रुग्णांचा अभ्यास त्यांनी केला. नुसती किरणं, किरणं आणि सिस्प्लॅटिन, किंवा आठवड्यातून पाचऐवजी सहा दिवस किरणं, असे तीन गट होते. सरसकट सगळ्यांना जादा उपचाराचा फायदा दिसला नाही. ज्यांचा आजार खरोखर फार पुढे गेला होता, त्यांना दिसला. त्याच रुग्णालयानं २०१८ मध्ये दाखवलं, की दर आठवड्याला थोडं सिस्प्लॅटिन देण्यापेक्षा तीन आठवड्यांतून एकदा मोठी मात्रा दिली तर आजार अधिक काबूत राहतो. त्या अभ्यासातलेही बहुतेक रुग्ण शस्त्रक्रिया होऊन आलेले होते. म्हणजे काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला द्यायचं याची उत्तरं पुण्याजवळच्या मुंबईत तयार पडली आहेत. उरतो तो 'कधी'.

या 'कधी'वर सगळ्यात स्पष्ट बोट ठेवलं ते अमेरिकेतल्या के. किअन अँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००१ साली. २१३ रुग्णांच्या त्या अभ्यासात त्यांनी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून किरणांच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ एकत्र मोजला. अतिजोखमीच्या ज्या रुग्णांचा हा काळ ११ आठवड्यांच्या आत संपला, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत पाच वर्षांनीही मूळ जागी आणि मानेत आजार उलटला नव्हता. ज्यांचा काळ १३ आठवड्यांच्या पुढे गेला, त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली होतं. सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि किरणंही सगळ्यांनी घेतली होती. फरक पडला तो आठवड्यांनी.

कारण जीवशास्त्रातच आहे. उपचाराचा मार बसला की उरलेल्या कर्कपेशी स्वस्थ बसत नाहीत, उलट अधिक वेगानं वाढू लागतात. रॉडनी विदर्स यांनी १९८८ साली हे डोक्या-मानेच्या कर्करोगांबाबत दाखवून दिलं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ज्या थोड्या पेशी उरल्या, त्या दहाव्या आठवड्यात थोड्या राहत नाहीत. म्हणून जगभरचे डॉक्टर सांगतात, की किरणं सहा आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजेत.

हा हिशेब कॅलेंडरवर मांडला की किती अवघड आहे ते कळतं. समजा, दौंड तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरचालकाची शस्त्रक्रिया १ जूनला, सोमवारी झाली. आठ-दहा दिवसांत घरी सोडलं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट १२ जूनच्या आसपास आला. १५ जूनला टाके निघाले. आता कागदावर तीन आठवडे आहेत. त्यात शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा, दात तपासायचे, चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवायचा, तो घालून सीटी स्कॅन करायचा आणि कुठल्या कोनातून किती किरणं द्यायची याचा आराखडा आखायचा. ६ जुलैला किरणं सुरू झाली आणि आठवड्याचे पाच दिवस अशा ३० बैठका न चुकता झाल्या, तर शेवटची बैठक १४ ऑगस्टला: ११ आठवड्यांच्या आत. १३ जुलैला सुरू झाली तर २१ ऑगस्ट, म्हणजे ११ आठवडे ओलांडले. यातून कळतं, की 'सहा आठवड्यांच्या आत' ही शेवटची रेघ आहे. जायचं असतं पाचव्या आठवड्यात.

आणि मंजुरी, नंबर, लागण, लग्न असं करत सुरुवात १० ऑगस्टला झाली, तर शेवट १८ सप्टेंबरला. पंधरा आठवड्यांहून जास्त. मध्ये गणपती आले, तर पेठांतले रस्ते बंद. एखादी बैठक चुकणारच. एक बैठक चुकली तर काय बिघडतं, असं कुणीही म्हणेल. केवळ किरणोपचारांवर असलेल्या रुग्णांच्या अभ्यासांतून दिसतं, की उपचार लांबला की दर दिवसामागे आजार काबूत राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहून जास्त घसरते. म्हणून ब्रिटनमधल्या किरणोपचारतज्ज्ञांची संस्था डोक्या-मानेच्या या कर्करोगांना पहिल्या वर्गात घालते. ठरलेला काळ दोन दिवसांपेक्षा जास्त लांबता कामा नये. यंत्र बिघडलं किंवा सण आला, तर शनिवारी किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोनदा किरणं देऊन भरून काढायचं. पालखीच्या दिवशी आणि विसर्जनाच्या दिवशी वाहतुकीचं नियोजन पुणे महिनाभर आधी करतं. किरणोपचाराच्या यंत्रांचंही तसंच करता येईल.

महाराष्ट्राला या आजाराचा चेहरा अनोळखी नाही. पुणे जिल्ह्यातल्या बारामतीचे शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया झाली. सुपारीची सवय, काढावे लागलेले दात, तोंड पुरेसं न उघडणं, गिळताना होणारा त्रास, हे सगळं त्यांनी जाहीर व्यासपीठांवरून सांगितलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध करायला हवं होतं, असंही ते म्हणाले आहेत. त्यांच्या आठवणीतला एक तपशील या पत्राच्या फार कामाचा आहे. किरणांच्या ३६ बैठका त्यांना घ्याव्या लागल्या. तेव्हा ते केंद्रात कृषिमंत्री होते. सकाळी नऊ ते दुपारी दोन मंत्रालयात काम, मग अडीचला रुग्णालय, आणि वेदना इतक्या की घरी जाऊन झोपण्यावाचून दुसरं काही सुचत नसे. सहा महिन्यांचं आयुष्य सांगणारा डॉक्टरही त्यांना भेटला होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी वयाची ऐंशी वर्षं पूर्ण केली.

त्या आठवणीतली अडीचची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या यंत्रावर. एवढीच शिस्त त्या ट्रॅक्टरचालकाला हवी आहे.

हा आजार पद बघत नाही. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगानं गेले. त्यांचं गाव, तासगाव तालुक्यातलं अंजनी, त्या दिवशी कसं झालं होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे.

आता पुण्याचं. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्या विभागाकडे. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय महापालिकेकडे. रूबी हॉल, दीनानाथ मंगेशकर, जहांगीर, कोरेगाव पार्कातलं इनलॅक्स आणि बुधरानी ही न्यासांची रुग्णालयं. निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखण्याचं धर्मादाय रुग्णालयांवरचं बंधन बघायला धर्मादाय आयुक्त. चार दारांचे चार धनी. शल्यचिकित्सक एका दारात भेटतो, किरणांचं यंत्र दुसऱ्या दारात असतं, आणि एका दारातून दुसऱ्या दारात फाइल नेणारा माणूस असतो तो रुग्णाचा भाऊ, जो खाडा करून आलेला असतो.

पैशाचा प्रश्न आपल्या सरकारनं बराच सोडवला आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ च्या अखेरीस राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि पुढे दीड लाखांचं संरक्षण पाच लाखांवर जाऊन शिधापत्रिकेच्या रंगाची अटही गेली. पुण्यातल्या कर्करोग विभागांत रोज दिसणारे कितीतरी चेहरे या योजनेशिवाय तिथवर आलेच नसते. पण योजनेच्या यादीत शस्त्रक्रिया हे एक पॅकेज आहे आणि किरणोपचार हे दुसरं. प्रत्येकाची पूर्वमंजुरी वेगळी. पहिलं पॅकेज डिस्चार्जच्या सहीनं बंद होतं, दुसरं नव्या अर्जानं उघडतं. मधल्या दिवसांना कागदावर धनीच नाही. त्या दिवसांत रुग्ण कुणाचा, या प्रश्नाला आज एकच उत्तर आहे: घरच्यांचा.

पहिली विनंती इथेच. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगासाठी जोड-मंजुरी असावी. शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी देतानाच किरणोपचाराची तात्पुरती मंजुरी आणि पाचव्या आठवड्यातली सुरुवातीची तारीख दिली जावी. रिपोर्टनं किरणांची गरज नाही असं सांगितलं, तर तारीख रद्द करावी. रद्द झालेली तारीख भरायला रांगेत माणसं आहेतच. जिथे शस्त्रक्रिया होते तिथे यंत्र नसेल, तर यंत्र असलेल्या रुग्णालयाचं नाव आधीच ठरलेलं असावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या संगणकात एक दुवा जोडावा लागतो, आणि रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला सांगावं लागतं, की तुझं काम डिस्चार्जला संपत नाही, पहिल्या किरणाला संपतं.

दातांचा मुद्दा लहान वाटतो, पण उशिराचं ते फार मोठं कारण असतं. किरणं घेतलेल्या जबड्यात नंतर दात काढला, तर हाड सडत जाण्याचा धोका असतो. म्हणून किडके दात आधी काढावे लागतात आणि ती जखम भरायला दहा-पंधरा दिवस जातात. टाके निघाल्यावर दातांकडे लक्ष गेलं तर पाचवा आठवडा तिथेच हातचा गेला. शस्त्रक्रियेच्या आधी किंवा त्याच भुलीखाली दात काढले, तर एक दिवसही वाया जात नाही. भारती विद्यापीठ, रंगूनवाला, सिंहगड, डॉ. डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालयं असलेल्या शहरात कर्करोगाच्या रुग्णाला दाताच्या खुर्चीसाठी थांबावं लागू नये.

मग राहण्याचा प्रश्न. किरणांची एक बैठक दहा-पंधरा मिनिटांची असते, पण त्या पंधरा मिनिटांसाठी सहा आठवडे रोज यावं लागतं. दौंडचा माणूस डेमूनं येऊन जाऊन करील कदाचित. करमाळ्याच्या, जामखेडच्या किंवा भोरच्या डोंगरातल्या माणसानं काय करायचं? तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, चव जाते, लाळ आटते, घोटभर पाणीही काचेसारखं उतरतं. बायको नाचणीची पेज गाळून नळीतून घालते. या अवस्थेत एसटीचा चार तासांचा प्रवास रोज दोनदा होत नाही, आणि मग सतराव्या-अठराव्या बैठकीला माणूस येणंच बंद करतो. मुंबईत परळला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं आधार बनून उभी आहे. पुण्यात शासनानं जागा द्यावी, चालवायला माणसं पुण्यात नक्की मिळतील. गणपती मंडळांनी रुग्णसेवेची कामं याआधीही अंगावर घेतलेली आहेत. योजनेत प्रवासभत्ता आणि पोषणासाठी थोडी रक्कम धरली, तर अर्ध्यावर सोडलेले कितीतरी उपचार पूर्ण होतील. अर्धी किरणं घेऊन गेलेल्या माणसावर झालेला खर्च तर शासनानं केलेलाच असतो.

यंत्रांची गोष्ट खर्चाची आहे. रेखीय त्वरक, ज्याला सगळे लिनॅक म्हणतात, कोट्यवधींचं यंत्र. ते एका अर्थसंकल्पात सगळीकडे येणार नाही. पण आहे ते यंत्र शनिवारी चालवता येतं. विकसनशील देशांतल्या ९०० हून अधिक रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अभ्यास सांगतो, की नुसती किरणं घेणाऱ्यांना आठवड्यातून पाचऐवजी सहा बैठका दिल्या, एकूण मात्रा तीच ठेवली, तर पाच वर्षांनी आजार काबूत असण्याचं प्रमाण ३० वरून ४२ टक्क्यांवर जातं. शस्त्रक्रिया झालेल्यांत टाटाला असा सरसकट फायदा दिसला नाही, हे वर आलंच आहे. तरी शनिवारचा उपयोग उरतोच: चुकलेली बैठक भरून काढायला आणि रांग आटोक्यात ठेवायला. त्यासाठी लागतात तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचा जादा पगार. रिक्त पदांची यादी आपल्याकडे आहेच.

घशाच्या कर्करोगाचं गणित थोडं निराळं आहे, म्हणून थोडक्यात. स्वरयंत्राचा कर्करोग कूर्चा फोडून बाहेर गेलेला नसेल, तर औषध आणि किरणांच्या जोरावर स्वरयंत्र वाचवता येतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९९१ मध्ये ३३२ रुग्णांवर ते सिद्ध केलं. कूर्चा गेली असेल तर मात्र स्वरयंत्र काढून मग किरणं, आणि तिथे पुन्हा तेच आठवडे मोजायचे. बोलण्याची पुनर्शिकवणी हा त्या माणसाचा हक्क आहे, तो पॅकेजच्या तळटिपेत हरवू नये. घशाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. पाश्चात्त्य देशांत त्याचा वाटा मोठा आहे, आपल्याकडे तंबाखूचाच मोठा. तरी त्यावरची लस पुण्यातच, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि मुलग्यांनाही देता येते, हे पालकांना सांगायला काय हरकत आहे?

नव्या औषधांची चर्चा आता जोरात आहे. २०२५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर देण्याचे निकाल आले. आजार न उलटता गेलेला मध्यक काळ सुमारे ३० महिन्यांवरून सुमारे ५२ महिन्यांवर गेला. बातमी खरोखर आनंदाची आहे. पण हे औषध आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या ऐपतीत नाही, आणि त्या अभ्यासातही शस्त्रक्रिया आणि नंतरची किरणं होतीच. औषध त्यांच्या जोडीला आलं, जागी नाही. महागड्या औषधासाठी उद्या मागणी होईल आणि व्हावी. त्याआधी ज्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत ते करून टाकावं.

शेवटची विनंती मोजणीची आहे. पुण्याची लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. मोजायची सवय या शहराला जुनी आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेची तारीख, पहिल्या किरणाची तारीख आणि शेवटच्या किरणाची तारीख आपल्याच संगणकात पडलेली आहे, कारण त्यावरच बिलं निघतात. त्या तीन तारखांची वजाबाकी करून दर तिमाहीला जिल्हावार आणि रुग्णालयवार जाहीर करावी: किती जणांना सहा आठवड्यांत किरणं सुरू झाली, किती जणांचं सगळं ११ आठवड्यांत संपलं, किती जण मध्येच गळाले. कुणाला शिक्षा करण्यासाठी हे नको. फाइल कुठे अडते ते दिसावं, एवढ्यासाठी.

डिस्चार्ज कार्डावर 'पुढील भेट' असा एक रकाना असतो. त्यात टाके काढायची तारीख लिहिलेली असते आणि रुग्णाची बायको ती तारीख कधीही चुकवत नाही. त्याखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी: 'किरणोपचार सुरू — तारीख, वेळ, रुग्णालय'. ती ओळ भरल्याशिवाय कार्डावर सही होऊ नये. येत्या सोमवारी पुण्यात कुठेतरी एका माणसाचा जबडा काढला जाणार आहे. त्याच्या पाचव्या आठवड्यातली तारीख आजच्या कॅलेंडरवर मोजता येते.

आपला,
एक पुणेकर